रात्री दोनचा प्रवाह: खायेलित्शातल्या पाण्याच्या दाबाचं प्रकरण

नगरपालिकेत पाणी कमी पडायला लागलं की अभियंत्याच्या टेबलावर येणारे प्रस्ताव ठरलेले असतात. नवा स्रोत, जास्त व्यासाची जलवाहिनी, आणखी एक जलकुंभ, प्रक्रिया केंद्राची वाढीव क्षमता. ही कामं डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांना निधीही तुलनेने लवकर मिळतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीत २०००-०१ साली झालेलं काम नेमकं उलट्या दिशेने गेलं. वस्तीला पाणी देणाऱ्या दोन मुख्य जलवाहिन्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले आणि वर्षाला सुमारे ९० लाख घनमीटर पाणी वाचलं. आधीच्या पुरवठ्याच्या जवळपास ४० टक्के. बाहेरून एक थेंबही नवा आणला नव्हता.

पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात हे प्रकरण बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे, पण सांगताना बहुतेक वेळा फक्त बचतीचा आकडा सांगितला जातो. मला त्यातला कामाचा क्रम जास्त मोलाचा वाटतो. आधी काय मोजलं, कुठे मोजलं, आणि दुरुस्तीच्या आधी दाबाला हात का घातला. स्थानिक स्वराज्य संस्थेत पाण्याचं काम करणाऱ्याला उपयोगी पडेल असं जे काही आहे, ते तिथे आहे.

वस्ती आणि तिची लाइन

खायेलित्शा ही १९८०च्या दशकात वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी शहरापासून दूर, केप फ्लॅट्सच्या वाळूवर वसवलेली वस्ती. दक्षिणेला फॉल्स बेचा समुद्र, जमीन सखल आणि सपाट. २०००च्या सुमारास तिथे साधारण ४,५०,००० लोक राहत होते. त्यांत सुमारे ४३,००० घरं अशी होती की ज्यांना नळजोडही होता आणि फ्लशचं शौचालयही. बाकीची माणसं पत्र्याच्या आणि लाकडाच्या झोपड्यांमध्ये, सार्वजनिक नळांवर अवलंबून.

पाणी यायचं ते ब्लॅकहीथच्या जलाशयातून. हा जलाशय सुमारे २० किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून ११० मीटर उंचीवर. तिथून ४५० मिलिमीटर आणि १,०६५ मिलिमीटर व्यासाच्या दोन लाइन वस्तीत उतरायच्या. पंप नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. उंचीतला हा फरकच पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. वस्तीतल्या नळांवर सुमारे ८० मीटरपर्यंत दाब होता (८० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा असतो तेवढा), म्हणजे जवळजवळ ८ बार. साध्या बैठ्या घराला याच्या चौथ्या हिश्शाइतका दाब मिळाला तरी नळ उत्तम चालतो.

एवढा दाब ठेवा असं कोणी ठरवलेलं नव्हतं. जलाशय तिथे होता, वस्ती इथे वसवली गेली, मधे लाइन टाकली, आणि जो दाब आला तो आला. पाणी चोवीस तास मिळतंय, तक्रार नाही, म्हणून त्याकडे बघायचं कारणही कोणाला पडलं नाही. कमी दाबाची तक्रार घेऊन लोक कार्यालयात येतात. जास्त दाबाची तक्रार घेऊन कोणी येत नाही. तो दाब वर्षानुवर्षं मुकाट्याने वॉशर खात राहतो.

दरडोई आकड्याने झाकलेलं

२००० साली वस्तीला वर्षाकाठी जवळपास २ कोटी २० लाख घनमीटर पाणी जात होतं. ताशी सरासरी २,५०० घनमीटर. आता हेच दरडोई काढून बघा. दिवसाला ६०,००० घनमीटर भागिले साडेचार लाख माणसं, म्हणजे माणशी सुमारे १३३ लिटर.

हा आकडा वार्षिक अहवालात छापला तर कोणाचीही भुवई उंचावणार नाही. नळजोड असलेल्या शहरी वस्तीला १३३ लिटर हा अगदी सभ्य आकडा आहे. म्हणूनच मला तो धोकादायक वाटतो. दरडोई पुरवठा हा मोजमापाचा आकडा म्हणून वापरला जातो, पण तो खरं तर एक भागाकार आहे. लाइनमध्ये किती सोडलं, भागिले जनगणना. माणसाच्या घागरीत किती पडलं हे त्यातून कळत नाही. झोपडीतला माणूस सार्वजनिक नळावरून दिवसाला जेमतेम गरजेपुरतं पाणी नेतो, आणि तरीही वस्तीची सरासरी १३३ भरते. मग बाकीचं पाणी जातं कुठे, हा प्रश्न सरासरी कधी विचारत नाही.

तो प्रश्न रात्रीचा प्रवाह विचारतो.

सांडपाण्याच्या टोकाला मोजमाप

किमान रात्र-प्रवाह ही संकल्पना फार साधी आहे. रात्री दोन ते चारच्या दरम्यान माणसं झोपलेली असतात. त्या वेळी झोनमध्ये, म्हणजे सीमेचे व्हॉल्व्ह बंद करून वेगळ्या केलेल्या भागात, जे पाणी शिरतं, त्यातला वापर अगदी थोडा, उरलेली गळती. त्यासाठी मुख्य लाइनवर फ्लो मीटर आणि आकडे आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर हवा. एवढी सामग्री कोणत्याही नगरपालिकेला परवडते.

खायेलित्शाच्या मोजमापात एक गोष्ट विशेष होती. गळतीचा अंदाज घेण्यासाठी रात्री सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येणारा प्रवाह बघितला गेला. वस्तीत शिरणारा किमान रात्र-प्रवाह ताशी सुमारे १,६०० घनमीटर होता. ऑलिंपिक आकाराचा तरणतलाव दीडेक तासात भरेल, इतकं पाणी रात्रभर वस्तीत शिरत होतं, आणि त्यातलं बरंचसं मैलागटारातून वाहून जात होतं.

या एका निरीक्षणाने दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली, गळती प्रचंड आहे. दुसरी जास्त महत्त्वाची: गळती कुठे आहे. रस्त्याखालची जलवाहिनी फुटली तर पाणी जमिनीत जातं, आणि केप फ्लॅट्सच्या वाळूत तर ते वर न येता मुरून जातं. ते प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचत नाही. प्रक्रिया केंद्रात स्वच्छ पाणी येतंय याचा अर्थ ते घरातल्या शौचालयातून, मोरीतून, न मिटणाऱ्या नळातून गटारात उतरतंय. गळती घराच्या आत होती. गळती शोधणाऱ्या पथकाने रस्त्यावर कान लावून महिनोन्महिने फिरलं असतं तरी हे पाणी सापडलं नसतं.

थोडा हिशेब करू. दक्षिण आफ्रिकेत सर्रास वापरला जाणारा ठोकताळा असा की रात्री साधारण ६ टक्के लोक उठतात आणि ताशी माणशी १० लिटर वापरतात. साडेचार लाखांच्या वस्तीला तो ताशी २७० घनमीटर येतो. १,६०० मधून २७० वजा केले तर १,३३० उरतात. ४३,००० घरांत वाटले तर घरामागे ताशी सुमारे ३१ लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर.

मिनिटाला अर्धा लिटर! हे पाइप फुटल्याचं पाणी नाही. फ्लश टँकच्या बॉलकॉकचा (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या नळाचा) वॉशर झिजला की भांड्याच्या मागच्या बाजूने जी बारीक धार उतरत राहते, ती एवढी असते. त्या धारेचा आवाज येत नाही, घरात ओल दिसत नाही, घरातल्या माणसाला ती जाणवतही नाही. अशी एक धार एका घरात असली तर ती किरकोळ बाब. ती ४३,००० घरांची सरासरी झाली की एका मोठ्या गावाचा पाणीपुरवठा होतो.

आधी दाब की आधी दुरुस्ती

इथे बहुतेक जण म्हणतील, मग घरोघर जाऊन वॉशर बदला. पहिला विचार तोच येतो आणि तो चुकीचाही नाही. पण तो क्रमाने दुसरा आहे.

मीटरच्या पलीकडचं प्लंबिंग कायद्याने घरमालकाचं. नगरपालिकेच्या पैशातून खासगी घरात दुरुस्ती करायची तर मंजुरी लागते, लेखापरीक्षणात उत्तरं द्यावी लागतात. शिवाय ही गरिबांची वस्ती. वर्णभेदाच्या काळात भाडं आणि सेवाशुल्क न भरण्याचं आंदोलन इथल्या राजकीय लढ्याचा भाग होतं, आणि लोकशाही आल्यानंतरही बिलाची वसुली कमीच राहिली. बिल वाढलं की माणूस गळका नळ दुरुस्त करील, हा अर्थशास्त्राचा नेहमीचा धागा इथे कुठे जोडलेलाच नव्हता. आणि तो बळजबरीने जोडणंही योग्य नव्हतं. १९९६च्या राज्यघटनेच्या २७व्या कलमाने पुरेशा पाण्याचा हक्क दिला आहे. २००१पासून घरामागे महिन्याला ६,००० लिटर मोफत देण्याचं धोरणही देशात आलं.

पण या सगळ्यापेक्षा मोठं कारण तांत्रिक आहे. ८ बार दाबाखाली नवा वॉशरही टिकत नाही. स्वस्तातला बॉलकॉक एवढ्या दाबाला नीट मिटत नाही, मिटला तर त्याच्या बैठकीवर सतत ताण राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा धार सुरू होते. दुरुस्ती पथक वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाची घरं पुन्हा गळायला लागतील. दाब तसाच ठेवून दुरुस्तीचा कार्यक्रम घेतला की पैसे खर्च होतात, फोटो निघतात, आणि वर्षभराने रात्रीचा प्रवाह होता तिथेच सापडतो. त्यामुळे आधी दाब उतरवायचा आणि मग दुरुस्ती, हा क्रम माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

दाब उतरवला की गळती किती कमी होते, हेही समजून घेण्यासारखं आहे. पुस्तकातलं सूत्र सांगतं की छिद्रातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दाब निम्मा केला तर गळती फक्त ३० टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात नेटवर्क याहून जास्त दाद देतं, कारण दाब वाढला की फट स्वतःच रुंदावते, प्लास्टिकच्या पाइपची भेग उघडते, रबरी वॉशर वाकतो. म्हणून क्षेत्रात काम करणारे दाबाचा घातांक ०.५ (म्हणजे वर्गमूळ) न धरता साधारण १ (म्हणजे दाबाच्या थेट प्रमाणात) धरतात, आणि तो ०.५ ते १.५ किंवा त्याहून वरही जाऊ शकतो हे लक्षात ठेवतात.

खायेलित्शात काय झालं? रात्रीचा प्रवाह ताशी १,६०० वरून ७५० घनमीटरवर आला. वरच्या ठोकताळ्याने खरा वापर २७० धरला तर गळती १,३३० वरून ४८० वर, म्हणजे ६४ टक्के घट. वर्गमुळाचा नियम तंतोतंत लागू असता तर एवढी घट मिळवण्यासाठी दाब जवळपास एक-अष्टमांशावर आणावा लागला असता, आणि तेवढ्या दाबावर वस्ती चाललीच नसती. हा माझा हिशेब आहे, मोजलेला निष्कर्ष नव्हे. पण घरातली गळती दाबाला किती संवेदनशील असते याची कल्पना त्यातून येते.

व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये

दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे कामावरच्या बोलीत पीआरव्ही, हे काही नवं यंत्र नाही. आत एक डायाफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, वर एक छोटा पायलट व्हॉल्व्ह. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की पायलट मुख्य व्हॉल्व्हला मिटवत आणतो, कमी झाला की उघडू देतो. वीज लागत नाही, पाण्याच्याच जोरावर चालतो.

स्थिर दाबाचा पीआरव्ही लावला तरी फायदा होतो, पण त्यात एक अडचण राहते. जलवाहिनीतल्या घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. सकाळी सगळे नळ उघडे असताना लाइनमध्ये बराच दाब खर्च होतो, आणि टोकाच्या घराला पुरेसं पाणी पोहोचवायचं तर व्हॉल्व्हवर दाब जास्त ठेवावा लागतो. रात्री प्रवाह घटतो, घर्षण जवळपास संपतं, आणि तोच ठेवलेला दाब जसाच्या तसा प्रत्येक घरावर जाऊन बसतो. ज्या वेळी दाबाची गरज सर्वांत कमी, त्याच वेळी तो सर्वांत जास्त असतो. म्हणून खायेलित्शात पायलटला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर जोडून दाब वेळेप्रमाणे बदलता येईल अशी सोय केली. दिवसा वर, रात्री खाली.

प्रवाहाप्रमाणे दाब बदलणारा कंट्रोलरही मिळतो. त्याचा मोठा फायदा आगीच्या वेळी. मध्यरात्री बंबाने हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा लाइनवरचा नळ) उघडला तर वेळेवर चालणाऱ्या कंट्रोलरला ते कळत नाही, तो रात्रीचा कमी दाबच देत राहतो. प्रवाहावर चालणारा कंट्रोलर मागणी वाढलेली ओळखून दाब चढवतो. दाटीवाटीच्या झोपड्यांच्या वस्तीत आग ही रोजची भीती असते. तिथे रात्रीचा दाब ठरवताना अग्निशमन दलाशी बसून बोलणं हा कामाचाच भाग आहे. कमी दाबाने वाचलेल्या पाण्याचा हिशेब त्या एका रात्री कोणी विचारणार नाही.

व्हॉल्व्ह बसवण्याआधीचं काम मात्र सगळ्यांत किचकट, आणि ते नगरपालिकेच्या माणसालाच करावं लागतं. झोन खरोखर बंद आहे का, हे तपासायचं. नकाशावर सीमेचा व्हॉल्व्ह बंद दाखवलेला असतो, प्रत्यक्षात तो कधीतरी दुरुस्तीच्या वेळी उघडून तसाच राहिलेला असतो. मग शेजारच्या झोनमधून जास्त दाबाचं पाणी मागच्या दाराने आत शिरतं आणि पीआरव्ही ठीक असूनही दाब उतरत नाही. यावर उपाय म्हणजे शून्य-दाब चाचणी. रात्री झोनचे ज्ञात प्रवेश बंद करायचे आणि आतल्या नळांवरचा दाब शून्यावर जातो का ते पाहायचं. तो मधेच कुठेतरी अडकला तर समजायचं की नकाशात नसलेला एक रस्ता आहे. हा रस्ता शोधून देतो तो जुना व्हॉल्व्हमन. लाइन टाकताना कुठे काय जोडलं हे त्याच्या डोक्यात असतं आणि अनेक कार्यालयांत ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्याच्याबरोबर रात्री उभं राहून प्रत्येक व्हॉल्व्हची जागा नोंदवून घेणं हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या मॉडेलइतकंच मोलाचं अभियांत्रिकी काम आहे, असं मी मनापासून मानतो.

त्यानंतर टोकाचा बिंदू ठरवायचा. झोनमधलं सर्वांत उंच किंवा सर्वांत लांबचं घर, जिथे दाब आधी कमी पडेल. तिथे लॉगर लावायचा आणि व्हॉल्व्हवरचा दाब एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने उतरवायचा. प्रत्येक टप्प्यानंतर टोकाचा दाब पाहायचा, तक्रारी पाहायच्या, मग पुढचा टप्पा. एका रात्रीत दाब निम्मा केला तर तांत्रिकदृष्ट्या काही बिघडत नाही, पण लोकांना वाटतं पाणी तोडलं. त्यांचा विश्वास गेला तर उद्या नगरसेवक चेंबरचं कुलूप उघडायला लावतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

पैसे

या कामाला सुमारे २५ ते २७ लाख रँड (दक्षिण आफ्रिकेचं चलन) लागले. वाचलेल्या पाण्याची किंमत वर्षाला २ कोटी रँडच्या वर. म्हणजे घातलेले पैसे काही आठवड्यांत वसूल झाले. पाणीपुरवठ्यात इतक्या लवकर परतफेड होणारी दुसरी कामं मला फारशी माहीत नाहीत.

ताशी सरासरी पुरवठा २,५०० वरून १,५०० घनमीटरवर आला. दरडोई भागाकार आता १३३ लिटरऐवजी ८० लिटर दाखवतो. कोणी फक्त हा आकडा पाहिला तर म्हणेल, गरिबांचं पाणी कापलं. खरं तर घरात वापरलं जाणारं पाणी जवळपास तेवढंच राहिलं, गटारात जाणारं घटलं. दरडोई आकड्यावर विसंबू नये, याचा हा दुसरा पुरावा.

बचतीचा एक भाग दुसऱ्या विभागाच्या खात्यात गेला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. घरातली गळती मैलागटारात जात होती, म्हणजे तेच पाणी पुन्हा प्रक्रिया केंद्रात येत होतं. स्वच्छ पाणी एकदा शुद्ध करायचं, मग वापराशिवाय पुन्हा सांडपाणी म्हणून शुद्ध करायचं. प्रवाह घटल्याने सांडपाणी केंद्राची वाढ पुढे ढकलता आली. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हे दोन विभाग वेगळ्या मजल्यांवर, वेगळ्या अंदाजपत्रकांत असतील तर असा फायदा कोणाच्याच प्रस्तावात दिसत नाही. पाणीपुरवठ्याच्या माणसाने प्रक्रिया केंद्राची रात्रीची नोंदवही मागवणं, हे या प्रकरणातून उचलण्यासारखं अगदी सोपं काम आहे.

मधल्या काळात प्रशासनही बदलत होतं. खायेलित्शा टायगरबर्ग नगरपालिकेत होतं. डिसेंबर २००० मध्ये परिसरातल्या स्थानिक संस्था एकत्र येऊन केप टाउनची एकच महानगरपालिका झाली. असं विलीनीकरण होताना अर्धवट प्रकल्प फायलींत हरवतात हा सगळीकडचा अनुभव. हे काम हरवलं नाही.

व्हॉल्व्हने न सुटलेलं

दाब उतरवणं म्हणजे दुरुस्ती नाही. गळकी धार बारीक झाली, थांबली नाही. ताशी ७५० घनमीटर रात्रीचा प्रवाह हा अजूनही फार मोठा आकडा आहे. खऱ्या वापराच्या पावणेतीन पट. दाब कमी झाल्यावर दुरुस्ती टिकू लागते, आणि घराघरातलं वॉशर, बॉलकॉक बदलण्याचं काम तिथून सुरू व्हायला हवं. दाबाच्या यशाने हे दुसरं पाऊल मागे पडण्याची भीती असते. आकडा चांगला दिसायला लागला की निधी दुसरीकडे वळतो.

दुसरी अडचण देखभालीची. पीआरव्हीच्या आधीची जाळी गाळाने भरते, पायलटची बारीक नळी चोंदते, डायाफ्राम फाटतो, कंट्रोलरची बॅटरी उतरते. आणि डायाफ्राम फाटला की बहुतेक व्हॉल्व्ह उघडे राहतात. म्हणजे बिघाड झाल्यावर पाणी बंद होत नाही, उलट जुना दाब परत येतो. कोणी तक्रार करत नाही. वाचवलेले लाखो घनमीटर परत गटारात जायला लागतात आणि कार्यालयाला ते बिल येईपर्यंत समजत नाही. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच एम्फुलेनी नगरपालिकेने सेबोकेंग आणि एव्हॅटन भागात याच पद्धतीचं काम केलं. तिथे खासगी भागीदाराने स्वतःचे पैसे घातले आणि पाच वर्षं बचतीतला वाटा घेतला. त्या रचनेत मला आवडतं ते एवढंच की व्हॉल्व्ह चालू ठेवण्यात कोणाचा तरी रोजचा स्वार्थ होता. करार संपल्यावर तो स्वार्थ नगरपालिकेच्या एखाद्या पदाकडे नेमून द्यावा लागतो, नाहीतर चेंबर ही फक्त कुलूपबंद खोली उरते.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ही सगळी पद्धत चोवीस तास दाबाखाली असलेल्या नेटवर्कची आहे. जिथे पाणी दिवसातून काही तास सोडलं जातं, तिथे रात्री दोनचा प्रवाह मोजायला लाइनमध्ये पाणीच नसतं, आणि लोकांच्या टाक्या भरण्याचा प्रवाह गळतीत मिसळतो. तिथे आधी एखादा छोटा झोन सलग दाबाखाली आणावा लागतो. त्याशिवाय इथले आकडे उचलून तिथल्या प्रस्तावात घालणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

दुष्काळात

२०१५ ते २०१८ या काळात केप टाउनच्या धरणक्षेत्रात सलग तीन हिवाळे पाऊस फार कमी पडला. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद करून ठरावीक केंद्रांवर माणशी २५ लिटर पाणी द्यायचं, अशी योजना तयार झाली. त्या दिवसाला डे झीरो असं नाव पडलं. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरची मर्यादा आली. शहराचा वापर २०१५च्या सुरुवातीला दिवसाला साधारण १२० कोटी लिटर होता, तो २०१८ मध्ये ५० कोटींच्या आसपास उतरला. डे झीरो आला नाही, आणि २०१८च्या हिवाळ्यात पाऊस परतला.

या घटीत लोकांनी सोसलेली काटकसर, दरवाढ, निर्बंध यांचा वाटा मोठा आहे. पण शहरभर दाबाचे झोन करून, जमेल तिथे ते दुरून नियंत्रित करून दाब उतरवणं, हेही महानगरपालिकेच्या अभियंत्यांचं प्रमुख हत्यार होतं. ते ऐन संकटात प्रथमच शिकावं लागलं नाही. खायेलित्शात आणि नंतर शहरातल्याच मिचेल्स प्लेन वस्तीत ते त्यांनी आधीच हाताळलेलं होतं. लोकांना आवाहन करायला एक पत्रक पुरतं. झोन बंद करून घ्यायला, चेंबर बांधायला, टोकाचे बिंदू समजून घ्यायला वर्षं लागतात, आणि दुष्काळ ती देत नाही.

त्याच शहराने २००७ पासून गरीब घरांत आणखी एक यंत्र बसवलं. मीटरजवळ लावलेलं हे उपकरण दिवसाचं ठरलेलं पाणी, अनेक घरांत ३५० लिटर, संपलं की नळ बंद करायचं. कागदावर दोन्ही उपाय गळती रोखण्याच्याच सदरात मोडतात. पण एकाच मीटरवर मूळ कुटुंब आणि परसातल्या झोपडीतलं दुसरं कुटुंब अशी आठ-दहा माणसं असली तर ३५० लिटर दुपारीच संपायचे, आणि फ्लशची गळती असेल तर माणसं उठण्याआधी रात्रीच बरंच संपलेलं असायचं. दाबाच्या व्हॉल्व्हने धार बारीक केली, तहान मोजली नाही. या उपकरणाने गळतीचा दंड घरातल्या बाईच्या बादलीवर बसवला. तांत्रिक टिपणीत दोन्हींची बचत घनमीटरमध्येच लिहिली जाते, म्हणून सही करणाऱ्या अभियंत्याने हा फरक त्या टिपणीतच शब्दांत मांडला पाहिजे. परिषदेच्या बैठकीत तो मांडायला त्याच्याशिवाय दुसरं कोणी तिथे नसतं.